पावना गोल मारीत न्हाय

फुटबॉलच्या सामन्याकडे पाठ करून बसणारा मॅनेजर मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच क्लबच्या वाट्याला आला होता.

पूर्णा गावाच्या मागे, गोदामांच्या दोन रांगांमध्ये आमचं मैदान. एका अंगाला कंटेनर उभे, दुसऱ्या अंगाला निळ्या पत्र्याची लांबच लांब भिंत. चेंडू तिच्यावर आदळला की असा दणका व्हायचा की बाहेरगावचे गोलकीपर पहिल्या दहा मिनिटांतच घाबरून अर्धे व्हायचे. मैदानाच्या कडेला या मॅनेजरची, म्हणजे आमच्या काकांची, लाल प्लास्टिकची खुर्ची असे. तिचं तोंड प्रेक्षकांकडे. आमचा संघ मागे जिवाच्या आकांतानं धावत असायचा आणि हे गृहस्थ मांडीवर हात ठेवून गावच्या माणसांची तोंडं बघत बसायचे.

मी या क्लबचा गोलकीपर. दिवसा टेमघरच्या शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी गोलपोस्टमध्ये उभं राहायचं, असा माझा क्रम होता. आमचं घर तसं शहरातलं, तीन पिढ्या कचेरीत आणि शाळेत गेलेल्या. त्यामुळे कोणी तर्काला सोडून वागलं की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. पहिल्याच वर्षी मी त्यांना विचारलं, "काका, सामना इकडे चाललाय आणि तुम्ही तिकडे काय बघता?"

"सामनाच बघतो," ते म्हणाले. "तुमी खेलताव ते हितं उमटतं. मागं वलून काय करू?"

मी मनात म्हटलं, झालं. गोदामांच्या भाड्यावर सुखानं जगणाऱ्या माणसाला असले छंद परवडतात.

काकांच्या जमिनीवर गोदामं होती, दारात मोठी गाडी होती, गळ्यात जाड साखळी होती. फुटबॉलमधलं मात्र त्यांना काही म्हणजे काही कळत नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. ऑफसाइडवरून वाद पेटला की ते शेंगा सोलत बसायचे. फॉर्मेशनबद्दल कोच बोलायला लागला की त्यांना हटकून जांभई यायची. त्यांनी सगळ्या जगाचे दोनच भाग केले होते. एक घरचा, दुसरा पावना. ही वाटणी ते कशालाही लावत. गोदामावर नवा वॉचमन आला की, "चांगला हाय, पन अजून पावना हाय." नवीन गाडी घेतली तर महिनाभर तिला पावनी म्हणायचे. एकदा त्यांच्या शेतात नव्या बोअरला पाणी लागलं. लोक पेढे मागायला गेले तर म्हणाले, "पानी आलाय, पन लाजतोय अजून. पावना हाय. थांबा."

बाहेरून येणारे खेळाडू हा मात्र त्यांच्या जिवाचा विषय होता. लीगच्या नियमानं आम्हाला एकच परदेशी खेळाडू घेता यायचा, शिवाय परराज्यातले एकदोन. बाकीचे क्लब असल्या खेळाडूंना हायवेवरच्या लॉजमध्ये ठेवायचे. काकांचा हट्ट असा की खेळाडू गावातल्या घरातच राहील. कमिटीतल्या लोकांनी खूप समजावलं, लॉजचा एसी दाखवला, पण काका ढिम्म हलले नाहीत. मग खेळाडू आला की चार दिवसांनी ते त्याच्या घरी जायचे. खेळाडूशी एक शब्द बोलायचे नाहीत. आधी दारातल्या चपला बघायचे, मग मोरीत डोकावायचे, आणि बाहेर येऊन कोचला निकाल द्यायचे.

एकदा मी सोबत होतो. त्यांनी मला दारात थांबवून बोट दाखवलं. "ह्या बघ मास्तर. घरातल्यांच्या चपला कशा पडल्यात? एक पालथी, एक तिकडं. आन् ह्याच्या बघ. जोडीनं. तोंड बाहेर. निंगायची तयारी करून ठेवलेल्या." मग मोरीतून डोकं बाहेर काढत म्हणाले, "ब्रश पन बॅगेतच हाय. मगात ठेवला न्हाय अजून. नका खेलवू."

"काका, ब्रशचा आणि फुटबॉलचा काय संबंध?"

"पावना गोल मारीत न्हाय," ते म्हणाले, आणि चपला घालून चालायला लागले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही. सुरुवातीला ऐकून डोकं फिरायचं. फुटबॉल म्हणजे दम, सराव आणि पायातलं कसब, असं माझं सरळ गणित. त्यात पाहुणचार कुठे बसतो?

त्यांचं प्रत्येक वेळी बरोबर यायचं असंही नाही. केरळचा एक विंगर आला होता, वाऱ्यासारखा पळायचा. वळ गावातल्या एका घरात त्याला ठेवला आणि तो बघता बघता असा काही घरचा झाला, की सरावाला यायचाच बंद झाला. सकाळी त्या घरच्या म्हशींना पाणी, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर पत्ते. कोच चिडून काकांकडे गेला. काका म्हणाले, "जरा जास्तच घरचा झाला," आणि स्वतःच हसत सुटले. तो विंगर अजून वळ गावातच आहे, एका गोदामात सुपरवायझर आहे आणि लग्नकार्यात आम्हाला आग्रहानं वाढतो.

मग घानाचा क्वामे आला.

उंच, हसरा, सेंटर फॉरवर्ड, देशातल्या एकदोन क्लबांतून खेळून हिंदी शिकलेला. पहिल्या सरावात त्यानं मला असे काही शॉट मारले की हातमोजे काढून मी तळवे फुंकत बसलो. गाव तर वेडंच झालं. पूर्ण्यात हिराकाकींच्या घरी त्याची सोय केली. काकी म्हणजे काकांच्या चुलतभावाची बायको, घरात मुलगे-सुना, आणि माजघराच्या भिंतीवर हार घातलेला सासूबाईंचा फोटो. क्वामे आला तेव्हा काकींनी त्याला दारात ओवाळलं. त्याच आठवड्यात गावात हळद होती, तिथे त्याला नवरदेवाच्या शेजारी खुर्ची दिली. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये त्याच्यासोबतचा फोटो. त्याला पाणी मागावं लागायचं नाही, ताट उचलावं लागायचं नाही, आणि मासळीतला चांगला तुकडा त्याच्याच पानात जायचा.

आणि हा बाबा सामन्यात गोल मारेना.

एक सामना गेला, दुसरा गेला, असे करत अर्धी लीग संपली. सरावात वाघ, सामन्यात गाय. कोच म्हणाला, फिटनेस कमी आहे. मी म्हटलं, काकींचं जेवण कमी करा. कमिटी म्हणाली, खेळाडूच खोटा निघाला. शेवटी कमिटीनं ठरवलं की पुढच्या रविवारच्या सामन्यात दिसलं तर ठीक, नाहीतर त्याला परत पाठवायचं आणि दुसरा बघायचा. ही बातमी क्वामेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "सर, इधर से वापस गया तो फिर कोई क्लब नहीं बुलाएगा. मेरा खतम." एवढं सांगतानाही तो हसत होता. ते हसणं बघून मला कसंतरीच झालं.

काका कमिटीसमोर उभे राहिले. एरवी मीटिंगमध्ये डोळे मिटून बसणारा माणूस. म्हणाले, "खोट त्याच्यात न्हाय, आपल्यात हाय. ह्यो गेला तर मी पन गेलो, मंग क्लब तुमी बघा." मला त्या दिवशी प्रथमच वाटलं की या माणसाला काहीतरी दिसतंय, जे आम्हाला दिसत नाही.

"काय खोट आहे आपल्यात?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"तू मागं उबा असतोस ना? मंग बघत न्हायस? बॉल कोनाला देतात पोरं?"

"क्वामेला."

"कवा देतात?"

उत्तर मला माहीत होतं, फक्त ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं. आमची पोरं त्याला चेंडू नेहमीच द्यायची. तो मोकळा असो, त्याच्या अंगावर तीन माणसं असोत, आधी क्वामेला. फ्री किक त्याला, कॉर्नर त्यालाच. पंगतीत पाहुण्याला आधी वाढतात तसा चेंडू वाढायची. आणि तो चुकला की कोणी चकार शब्द काढायचं नाही. उलट धावत जाऊन पाठ थोपटायची. तोही हात जोडून सॉरी म्हणायचा. समोरच्या संघांना हे दुसऱ्याच सामन्यात कळलं. ते बिनधास्त तीन माणसं क्वामेभोवती उभी करायचे आणि बाकीच्या नऊ जणांना मोकळं सोडून द्यायचे. मी त्या सगळ्याच्या मागे उभा राहून बघत होतो, आणि काका तर बघतही नव्हते. त्यांनी ते आमच्या गावच्या माणसांच्या तोंडावर वाचलं होतं. क्वामे चुकला की लोक कसे ओशाळून हसतात, एवढं त्यांना पुरलं.

मग काकांनी जो उपाय काढला तो ऐकून गावानं कपाळाला हात लावला. क्लबच्या शेडमध्ये सगळ्यांना जमवून त्यांनी जाहीर केलं, "आजपास्न क्वामेचा पावनचार बंद. ताट त्यानं सोता उचलायचं, पानी सोता घ्याचं. चुकला तर त्याला बोलायचं. बोलायचं म्हंजे नीट बोलायचं, आपल्या पोरांना बोलतो तसं."

हिराकाकी उठून उभ्या राहिल्या. "भावोजी, पावन्याला बोलू? भिंतीवर माजी सासू बसलीय, ती मना सोडंल का?"

"मी सांगतो तिला," काका म्हणाले.

काकींनी खरंच प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून क्वामेसमोर उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "उद्यापास्न ताट तू उचलायचा." तो घाईनं उठला तर त्यांनी स्वतःच त्याचं ताट उचललं आणि जाता जाता विचारलं, "भात वाढू का अजून थोडा?" मैदानावर आमची गत याहून वाईट. कोचनं हुकूम दिला म्हणून कप्तान क्वामेवर ओरडला, पण ते ओरडणं शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकासारखं. क्वामे बिचारा घाबरला. माझ्याकडे येऊन विचारायला लागला, "सर, टीम नाराज है क्या मुझसे?" त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षाही वाईट खेळला.

मी काकांना सांगायला गेलो. वाटलं, आता तरी हट्ट सोडतील. त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चुकलं माजं. सांगून घातलेली शिवी, ती पन पावनचारच." आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना इतकं हताश झालेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

जे घडलं ते कोणी ठरवून घडलेलं नाही. शुक्रवारी सकाळी काकींनी गच्चीवर जुन्या साड्या अंथरून तांदळाचे पापड वाळत घातले होते. घरातल्या बायका पहाटेपासून खपल्या होत्या. क्वामेला रोज सकाळी गच्चीवर चेंडू उडवायची सवय. चेंडू निसटला, तो मागे धावला आणि ओल्या पापडांच्या चार ओळी तुडवत पार पलीकडे गेला. काकी पाण्याचा हंडा घेऊन वर आल्या त्याच वेळी.

मी तेव्हा क्वामेला सरावाला न्यायला खाली ओट्यावर आलो होतो. जे ऐकलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. काकींनी त्याचे डोळे, त्याचे पाय, त्याचा चेंडू आणि त्याचा क्लब यांपैकी काहीही सोडलं नाही. सासूबाईंचा फोटो बहुतेक भिंतीवर थरथरला असेल. शेवटी क्वामेची एक चप्पलही खाली अंगणात येऊन पडली. मी जिन्यानं धावत वर गेलो. क्वामे भिंतीला टेकून उभा होता. आता हात जोडून सॉरी म्हणेल, असं मला वाटलं. त्याऐवजी त्याचं तोंड आवळलं आणि तो एकदम ओरडला.

"और मेरा क्या? आया तब से पेट जल रहा है मेरा! रोज़ मिर्ची, रोज़ मिर्ची! कोई पूछता है मुझे? सब बोलते हैं, खाओ, खाओ!"

काकींचं तोंड उघडंच राहिलं.

"मंग सांगाला काय झालेलं?" त्या म्हणाल्या. "तोंडात दगड हाय का तुज्या? मी काय जोतिशी हाय?"

"कैसे बोलूँ? आप इतना प्यार से देते हो!"

"प्यारसे देती तर पोट जालून घ्याचा का, मुडद्या?" आणि मग त्यांनी त्याच्या हाताला धरून त्याला खाली आणलं, पाटावर बसवलं आणि पिठाची परात पुढे सरकवली. "तुडवलेस तेवढे लाटून दे. मंग जा खेलाया." त्यानं लाटले. त्याचे पापड बघून सुना हसून लोळत होत्या, आणि काकी प्रत्येक पापडागणिक त्याला बोलत होत्या. जेवायला त्याला बिनतिखटाचं वरण मिळालं. तो ते एवढं जेवला की बघत राहावं.

मी धावतच काकांना सांगायला गेलो. त्यांनी पापडांचं ऐकलं, मिरचीचं ऐकलं, आणि एकच विचारलं.

"चपला कुटं हायत त्याच्या?"

मला आठवलं. येताना मीच त्यांना अडखळलो होतो. "एक जिन्यात, एक अंगणात."

काकांनी डोळे मिटले. "रविवारी त्याला पयल्यापास्न खेलवा."

त्या रविवारचं काय सांगू? पाचव्याच मिनिटाला कप्ताननं नेहमीसारखा, तीन माणसांच्या गराड्यात असलेल्या क्वामेला चेंडू दिला आणि क्वामे त्याच्यावर खेकसला, "अंधा है क्या? उधर दे, खाली है वो!" कप्तान चमकला आणि मग त्यानंही एक सणसणीत उत्तर दिलं. पुढच्या वेळी चेंडू मोकळ्या माणसाकडे गेला. मीही मागून घसा फाडून ओरडलो की क्वाम्या, मागे ये, तिथे काय फोटो काढतोयस! तो धावत मागे आला आणि येता येता मलाही दोन शब्द सुनावून गेला. काय सांगू, कानाला असं बरं वाटलं! आम्ही अकरा जण पहिल्यांदा एकमेकांशी भांडत खेळत होतो. समोरच्यांना काय चाललंय तेच कळेना.

तेवढ्यात ते झालं. त्यांचा गोलकीपर पुढे येऊन आडवा पडला, चेंडू क्वामेच्या पायात आला आणि समोर अख्खा गोल रिकामा. त्यानं तो बाहेर मारला. निळ्या पत्र्यावर असा दणका बसला की कंटेनरवरचे कावळे उडाले.

मला वाटलं, आता पुन्हा ते ओशाळवाणं हसू. मग काठावरून हिराकाकींचा आवाज आला, "अरे मेल्या, डोले कुटं ठेवून आलास? पापडात लाटलेस का?" आणि त्याबरोबर सगळा काठ पेटला. म्हातारे, बाया, शाळेतली माझी पोरं, कमिटीची पांढऱ्या कपड्यातली माणसं, जो तो त्याच्या नावानं बोंबलत होता. क्वामेनं डोकं धरलं, काकींकडे बघून दोन्ही हात उडवले आणि तिथूनच काहीतरी ओरडून उत्तर दिलं. लोक आणखी चेकाळले.

मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले होते. समोर पेटलेला काठ, आणि ते एकटेच त्याच्याकडे बघत उभे. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि मैदानातून सरळ चालते झाले.

उत्तरार्धात क्वामेनं गोल मारला. नंतर एक दुसऱ्याला मारायला दिला. आम्ही जिंकलो आणि कमिटीच्या अध्यक्षांनी तिथेच, चिखलात उभं राहून, तो पुढच्या वर्षीही राहणार असं सांगून टाकलं. सगळे नाचत होते. ज्यांच्यामुळे हे झालं तो माणूस मात्र जागेवर नव्हता.

मी त्यांना शोधत गेलो. ते गोदामाच्या वजनकाट्याजवळच्या कट्ट्यावर बसले होते, ऊन उतरत होतं. मी निकाल सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली, जणू तो त्यांना आधीच ठाऊक होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. इतकी वर्षं ज्यांच्यावर हसलो, त्यांच्या बाजूला बसताना त्या दिवशी मला शाळेत मोठ्या गुरुजींशेजारी बसल्यासारखं अवघडल्यासारखं झालं होतं.

"काका, सगळ्यात मोठा गोल चुकला तेव्हाच तुम्ही उठून का गेलात?"

त्यांनी काट्यावर चढणाऱ्या ट्रककडे नजर लावली.

"मी पन खेलायचो, मास्तर. तुमाला कोनाला म्हाईत न्हाय. घाटावरच्या एका क्लबानं मना नेलता. लय मान दिला त्या मानसांनी. भाकर तोडून हातात द्याचे. नवं पांघरून, नवी बादली. सगला हंगाम माज्याकडनं एक गोल झाला न्हाय."

"मग?"

"शेवटच्या म्याचला असाच मोकला गोल आला. गोली पडलेला. मी बाहेर मारला."

"लोकांनी खाल्लं असेल तुम्हाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"न्हाय रं. उटून टाल्या वाजवल्या समद्यांनी. मी उबा राहून वाट बघत व्हतो, कोनी तरी एक शिवी घालंल. सगल्या मैदानात एक मानूस न्हाय निंगाला."